बुद्धिबळातील अंत्यपर्व व त्यावरील ग्रंथ : मुंबईतील परंपरा

बुद्धिबळाच्या डावात बहुतेक मोहरी मारली जाऊन पटावर दोन राजे, काही प्यादी आणि एखाददुसरे मोहरे शिल्लक राहते, त्या अवस्थेस अंत्यपर्व म्हणतात. प्रारंभी व मध्यपर्वात राजाला आडोशाला ठेवावे लागते. अंत्यपर्वात तोच राजा लढाऊ मोहरे बनतो. प्याद्याची किंमतही येथे पालटते, कारण शेवटच्या ओळीत पोहोचून बढती मिळविणे हे बहुधा डावाचे मुख्य उद्दिष्ट असते. या पर्वातील पुष्कळ स्थितींचा निर्णय निश्चित सांगता येतो. त्यामुळे बुद्धिबळाचा हा भाग ग्रंथावरून शिकण्यास सर्वांत सोयीचा मानला जातो. मात्र तो निर्णय खेळाच्या नियमांवर अवलंबून असतो आणि मुंबईत निदान दीडशे वर्षांच्या काळात दोन निरनिराळ्या नियमपद्धती प्रचारात होत्या. कोणता ग्रंथ निवडावा, या प्रश्नाला येथे जे वेगळे वळण मिळाले, ते प्रथमतः या कारणाने.

खेळाविषयी लिहिण्याची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास (बारावे शतक) या संस्कृत ग्रंथात बुद्धिबळाचे वर्णन येते. मूळ पैठणच्या, पण काशीस स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातील नीलकंठ भट्टाने सतराव्या शतकात भगवंतभास्कर हा ग्रंथ रचला. त्याच्या नीतिविषयक भागातही पट, मोहऱ्यांच्या चाली आणि घोड्याने चौसष्ट घरे एकदाच फिरण्याचे प्रकार दिले आहेत. या ग्रंथांचा रोख खेळाच्या वर्णनाकडे व पटावरील चमत्कृतींकडे आहे. संपत आलेला डाव कसा जिंकावा याचे मार्गदर्शन त्यांत शोधून फारसे हाती लागत नाही.

ते मार्गदर्शन करणारे एक पुस्तक १८१४ मध्ये मुंबईत छापले गेले. त्रिवेंगडाचार्य शास्त्री या पंडिताच्या विलासमणिमंजरी या संस्कृत रचनेचे ते इंग्रजी भाषांतर होय. खेळाच्या यूरोपीय पद्धतीस जुळवून घेतलेले निबंध, असे त्याचे वर्णन मुखपृष्ठावरच आहे. नवशिक्याची प्रगती व्हावी व स्मरणशक्तीला व्यायाम मिळावा यासाठी निवडलेल्या बिकट स्थिती हा पुस्तकाचा मुख्य भाग असल्याचेही तेथेच सांगितले आहे. मुंबईतील अमेरिकन मिशनच्या छापखान्यातून मराठी पुस्तके निघू लागली ती १८१७ पासून. म्हणजे या शहरात मराठी मुद्रण नीट सुरू होण्यापूर्वीच बुद्धिबळातील निवडक स्थितींचा संग्रह येथे छापून तयार होता. तो ज्या वाचकांसाठी होता ते अर्थातच कंपनी सरकारचे अधिकारी व इंग्रजी जाणणारे थोडे लोक होत. मूळ संस्कृत, भाषांतर इंग्रजी आणि नियम यूरोपीय. गिरगावातल्या किंवा परळ गावातल्या सामान्य खेळाडूपर्यंत त्यातले काही पोहोचण्याचा संभव नव्हता. बुद्धिबळाचा इतिहासकार हॅरल्ड मरी (१८६८–१९५५) याने १९१३ च्या आपल्या बृहद्‌ग्रंथात या पुस्तकाची दखल घेतल्यामुळे त्याचे नाव अभ्यासकांत टिकून राहिले.

‘यूरोपीय पद्धतीस जुळवून घेतलेले’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. शास्त्रीबोवांना आपल्या स्थितींची फेरमांडणी का करावी लागली, हे देशी खेळाचे नियम पाहिल्याशिवाय कळत नाही. देशी पद्धतीत प्रदेशागणिक, किंबहुना आळीगणिक फरक असत. तरी काही गोष्टी बहुतेक ठिकाणी समान होत्या. प्यादे सामान्यतः एकच घर पुढे जाई. किल्लेकोटाची यूरोपीय चाल नव्हती. तिच्याऐवजी शह बसण्यापूर्वी राजाला एकदा घोड्याप्रमाणे अडीच घरे जाण्याची सवलत बऱ्याच ठिकाणी होती. प्यादे पलीकडच्या शेवटच्या ओळीत गेले म्हणजे खेळाडूच्या मर्जीप्रमाणे वजीर न होता, ज्या उभ्या ओळीत ते पोहोचले त्या ओळीचे मूळ मोहरे होई : कडेच्या ओळीत हत्ती, त्याच्या शेजारी घोडा, मग उंट; वजीर व्हावयाचा तर मधल्या दोन ओळींतून जावे लागे. प्रतिपक्षाचा राजा अगदी एकटा उरला, तर पुष्कळ ठिकाणी ‘बुर्जी’ मानीत व डाव बरोबरीत किंवा अर्धा जिंकला असे धरीत. कोणत्याही मोहऱ्याने मात केली तरी विजय होई; पण प्याद्याने केलेली ‘प्यादेमात’ ही भूषणाची गोष्ट समजली जाई.

या नियमांचा अंत्यपर्वावर होणारा परिणाम विलक्षण आहे. आंतरराष्ट्रीय खेळात राजा व एक प्यादे विरुद्ध एकटा राजा ही अभ्यासाची पहिली पायरी होय. तेथे घोड्याच्या ओळीतील प्यादे नीट पाठबळ मिळाल्यास वजीर होते व डाव जिंकता येतो. देशी पद्धतीत त्याच प्याद्याचा घोडाच होणार आणि एकट्या घोड्याने मात होत नाही. उंटाच्या ओळीचेही तेच. उलट कडेचे प्यादे यूरोपीय पुस्तकांत सर्वांत दुबळे मानलेले असते, कारण बचाव करणारा राजा कोपऱ्यात पोहोचला की ते निरुपयोगी ठरते. देशी पटावर मात्र ते हत्तीची आशा बाळगून असे. बुर्जीचा नियम तर याहून खोलवर जाणारा आहे. जेथे तो पाळला जाई तेथे हत्ती व राजा यांनी एकट्या राजाला कोंडून मात करण्याचा, प्रत्येक यूरोपीय पाठ्यपुस्तकात प्रारंभी येणारा धडा व्यर्थ होता. वरचढ खेळाडूला प्रतिस्पर्ध्याचे शेवटचे मोहरे जाणूनबुजून जिवंत ठेवावे लागे आणि त्याच्या सोबतीतच राजाला मात करावी लागे. हिशेब अधिक नाजूक, पण त्याची लिखित कोष्टके नव्हती. हे ज्ञान ओसरीवर, देवळाच्या सभामंडपात, पुढे चाळीच्या गॅलरीत खेळताखेळता एका पिढीकडून दुसरीकडे गेले आणि खेळणारे संपले तसे बरेचसे नाहीसे झाले. ते लिहून ठेवण्याचे काम त्रिवेंगडाचार्यांच्या हातून झाले नाही, कारण त्यांचे पुस्तक दुसऱ्या पद्धतीसाठी होते. ही उणीव आता भरून निघणे कठीण दिसते.

देशी शिक्षणाची ताकद किती होती याची साक्ष मुंबईबाहेरच्या एका खेळाडूने दिली. पंजाबातील मीर सुलतान खान हा देशी पद्धतीत वाढलेला खेळाडू १९२९ मध्ये उमर हयात खान या जमीनदाराबरोबर इंग्लंडला गेला आणि त्याच वर्षी ब्रिटिश विजेता झाला. १९३२ व १९३३ मध्येही त्याने ते पद मिळविले. हेस्टिंग्झ येथील १९३०–३१ च्या स्पर्धेत त्याने माजी जगज्जेता कापाब्लांका यास हरविले. यूरोपीय ग्रंथांचा त्याचा अभ्यास नसल्यासारखाच होता आणि डावाच्या प्रारंभी त्याला त्याची किंमत मोजावी लागे. अंत्यपर्वात मात्र तो त्या काळच्या श्रेष्ठ खेळाडूंच्या बरोबरीचा मानला गेला. जागतिक संघटनेने २०२४ मध्ये त्याला मरणोत्तर सन्माननीय ग्रँडमास्टर ही पदवी दिली. पुस्तकावाचून अंत्यपर्व येऊच शकत नाही, असे म्हणणाऱ्यांना हे उदाहरण अडचणीचे आहे. पण त्यावरून पुस्तके अनावश्यक ठरतात असेही नाही. सुलतान खानाइतकी जाण उपजत असणारा खेळाडू क्वचितच जन्मतो.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शहरी खेळाडू हळूहळू आंतरराष्ट्रीय नियमांकडे वळले. अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ १९५१ मध्ये स्थापन झाला. राष्ट्रीय अजिंक्यपदाची पहिली स्पर्धा १९५५ मध्ये आंध्रातील एलुरू येथे झाली व तीत महाराष्ट्राचे रामचंद्र सप्रे आणि डी. व्यंकय्या हे संयुक्त विजेते ठरले. यानंतर ज्याला स्पर्धेत उतरावयाचे त्याला यूरोपीय अंत्यपर्व शिकणे भागच होते व त्यासाठी पुस्तक हवे होते.

पुस्तक मिळविणे हा मुंबईत वेगळाच उद्योग होता. मराठीत बुद्धिबळावर जे लिहिले गेले ते मुख्यतः नियम, प्रारंभिक धडे आणि गाजलेले डाव यांपुरते राहिले. अंत्यपर्वासाठी इंग्रजीकडे जावे लागे. १८९८ मध्ये स्थापन झालेले मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय गिरगाव-दादरकडील वाचकाला जवळचे होते; इंग्रजी ग्रंथांसाठी फोर्टातील ग्रंथालये, १९४८ ते २०१८ पर्यंत चाललेले स्ट्रँड बुक स्टॉल आणि फ्लोरा फाउंटनच्या पदपथावरील जुन्या पुस्तकांचे विक्रेते हा आधार होता. परदेशी पुस्तकाची किंमत गिरणी कामगाराच्या किंवा कारकुनाच्या पगाराच्या मानाने जड असे. मॉस्कोहून इंग्रजीत निघणारी पुस्तके त्यामानाने फार स्वस्त मिळत. पण त्यांतील कोटोव्ह व युदोविच यांच्या सोव्हिएट बुद्धिबळ संप्रदायावरील १९५८ च्या पुस्तकासारखी काही खेळाडूंचा व विचारांचा परिचय करून देणारी होती, अंत्यपर्वाची पाठ्यपुस्तके नव्हेत. शिवाय जुन्या इंग्रजी पुस्तकांतील नोंदपद्धतीत प्रत्येक घराला पांढऱ्याच्या बाजूने एक व काळ्याच्या बाजूने दुसरे नाव असे. इंग्रजी बेताचे असणाऱ्या वाचकाला एकाच घराची ही दोन नावे प्रथम पाठ करावी लागत. अक्षर व अंक यांची सुटसुटीत पद्धत स्पर्धांत १९८१ पासून अधिकृत झाली आणि मग परभाषेतील पुस्तकही आकृत्या व खेळ्यांच्या जोरावर वाचता येऊ लागले. लालबाग-परळच्या खेळाडूच्या दृष्टीने ही सुधारणा एखाद्या नव्या ग्रंथापेक्षा कमी मोलाची नव्हती.

निवडीचा खरा प्रश्न पुस्तक हाती येण्याच्या शक्यतेनंतर उभा राहतो. अंत्यपर्वावरील ग्रंथांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात आणि त्यांची गल्लत झाल्याने पुष्कळ खेळाडूंची वर्षे वाया जातात. पहिला वर्ग नेमक्या स्थितींचा. फिलिदोर (१७२६–९५) याने १७७७ च्या आवृत्तीत दाखविलेला हत्तीचा बचाव हे त्याचे उत्तम उदाहरण होय : हत्ती व प्यादे यांविरुद्ध केवळ हत्ती असलेल्या पक्षाने आपला राजा प्याद्याच्या वाटेवर ठेवावा, हत्तीने आपल्या बाजूची तिसरी आडवी ओळ अडवून शत्रूच्या राजाला पुढे येऊ देऊ नये, आणि प्यादे त्या ओळीत सरकताच हत्ती दूर मागे नेऊन पाठीमागून शह देत राहावे, डाव बरोबरीत सुटतो. याची उलट बाजू म्हणजे बढतीच्या घरात राजा व त्याच्या पुढ्यात सातव्या ओळीत प्यादे असता, हत्ती चौथ्या ओळीत आणून शहांना आडोसा करण्याची, ‘पूल बांधण्याची’ युक्ती. ही स्थिती लुसेनाच्या नावाने ओळखली जाते; प्रत्यक्षात ती त्याच्या १४९७ च्या पुस्तकात नसून साल्व्हिओच्या १६३४ च्या पुस्तकात आढळते. अशा स्थिती समजून पाठ कराव्या लागतात. त्यांत मतभेदाला जागा नसते.

या वर्गातील रूबेन फाइन (१९१४–९३) याचा १९४१ चा ग्रंथ इंग्रजी जाणणाऱ्या जगात कित्येक दशके प्रमाणभूत मानला गेला. त्यात चुका होत्या व त्या पुढे दाखविल्या गेल्या. पाल बेंको याने २००३ मध्ये सुधारित आवृत्ती काढली. युरी आव्हरबाख (१९२२–२०२२) याने सोव्हिएट सहकाऱ्यांसह केलेले अनेक खंडांचे काम त्याहून विस्तृत असले, तरी ते संदर्भग्रंथ म्हणून योग्य. सलग वाचावयास बसणारा खेळाडू पहिल्या खंडातच थकतो. याच लेखकाचे आवश्यक ज्ञानावरील छोटेखानी पुस्तक १९६६ मध्ये इंग्रजीत आले. थोडक्या पानांत राजा व प्यादी, हत्तीची अंत्यपर्वे, उंट-घोड्यांची झुंज हे सारे त्यात येते. नोकरी सांभाळून संध्याकाळी खेळणाऱ्या माणसाला खंडांपेक्षा त्याचाच उपयोग अधिक. होसे राउल कापाब्लांका (१८८८–१९४२) याचे १९२१ चे मूलतत्त्वांवरील पुस्तकही येथे विसरता येत नाही. ते सर्वांत सोप्या माती आणि अंत्यपर्वे यांपासून सुरुवात करते व प्रारंभीच्या खेळ्या पुढे ढकलते. देशी पद्धतीतून आलेल्या खेळाडूला नवी बढती व नवी मात यांची ओळख करून देण्यास याहून सरळ पुस्तक क्वचितच सापडेल.

दुसरा वर्ग धोरणाचा. पटावर सात-आठ प्यादी आणि दोन-तीन मोहरी असतात तेव्हा नेमका निर्णय कोणत्याही कोष्टकात मिळत नाही. काय साधावयाचे व कोणत्या क्रमाने, हे ठरवावे लागते. या विषयावर मिन्स्क येथील प्रशिक्षक मिखाईल शेरेशेव्हस्की याचा ग्रंथ १९८५ मध्ये इंग्रजीत भाषांतरित झाला. राजाला मध्यभागी आणणे, कोणत्या मोहऱ्यांची अदलाबदल करावी हे ठरविणे, खेळ्यांऐवजी मोहऱ्यांच्या इष्ट मांडणीचा विचार करणे, घाई न करणे आणि प्रतिपक्षाच्या एका दुबळ्या जागेवर भागत नसेल तर दुसरी निर्माण करणे, ही त्याची प्रमुख सूत्रे होत. ती प्रत्यक्ष डावांतून समजाविली आहेत. ‘घाई न करणे’ या सूत्राचा गैरसमज फार होतो. नुसते थांबणे असा त्याचा अर्थ नाही. प्रतिपक्षाजवळ करण्यासारखे काही नसता आपली स्थिती थोडीथोडी सुधारून मगच निर्णायक खेळी करावी, असा आहे. हा ग्रंथ पहिल्या वर्गातील पाया तयार नसताना घेतला, तर निम्मे डाव अर्ध्यावर सोडून दिल्यासारखे वाटतात, कारण लेखक ‘पुढचे तंत्राचे काम’ वाचकाला ठाऊक असल्याचे गृहीत धरतो. मार्क द्वोरेत्स्की याचा २००३ चा ग्रंथ दोन्ही वर्गांना जोडतो, तथापि तो कसलेल्या खेळाडूसाठीच आहे. जेरेमी सिलमन याच्या २००७ च्या पुस्तकात खेळाडूच्या दर्जानुसार पायऱ्या केल्या आहेत व आपल्या पायरीपुढे तूर्त वाचू नका असे स्पष्ट बजावले आहे. इतका प्रामाणिकपणा या प्रकारच्या पुस्तकांत विरळा.

ग्रंथाच्या उपयोगाची रीतही बदलत गेली. पूर्वी ठरावीक वेळेत न संपलेला डाव तहकूब करीत. पुढची खेळी लखोट्यात बंद करून ठेवली जाई आणि रात्रभर सहकाऱ्यांसह पुस्तके धुंडाळून स्थितीचा अभ्यास करता येई. अशा वेळी आव्हरबाखचा योग्य खंड जवळ असणे म्हणजे अर्धा गुण हाती असल्यासारखे होते. १९९० नंतरच्या दशकात ही प्रथा मागे पडली. अंत्यपर्व आता घड्याळाच्या काट्यावर, थकलेल्या अवस्थेत आणि केवळ स्मरणाच्या बळावर खेळावे लागते. दुसरीकडे, संगणकाने २०१२ पर्यंत राजांसह सात मोहऱ्यांच्या सर्व स्थिती सोडविल्या; त्यांत पाचशेहून अधिक खेळ्यांनी मात होणाऱ्या स्थितीही सापडल्या. जुन्या ग्रंथांतील कित्येक निर्णय या कोष्टकांनी दुरुस्त केले. पण ती कोष्टके केवळ उत्तर सांगतात, कारण सांगत नाहीत. त्यामुळे विवेचन करणाऱ्या ग्रंथांची गरज संपलेली नाही.

मुंबईत या साऱ्या अभ्यासाला फळ आले ते १९७० नंतर. गिरगावातील ‘नवाकाळ’ या दैनिकाच्या खाडिलकर घराण्यातील वासंती, जयश्री व रोहिणी या तीन भगिनी त्या काळात महिलांच्या बुद्धिबळात अग्रेसर होत्या. १९७४ मध्ये झालेली पहिली राष्ट्रीय महिला स्पर्धा वासंती यांनी जिंकली. रोहिणी यांनी १९७६ ते १९७९ सलग व पुन्हा १९८१ मध्ये ते पद मिळविले. १९८१ व १९८३ मध्ये त्या आशियाई विजेत्या झाल्या. पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत त्यांनी १९७६ मध्ये भाग घेतला तेव्हा वाद उत्पन्न झाला. जागतिक संघटनेचे अध्यक्ष व माजी जगज्जेते माक्स ऑइवे यांनी स्त्रियांना अशा स्पर्धांतून वगळता येणार नाही असा निर्णय दिला. प्रवीण ठिपसे यांनी १९८२ ते १९९४ या काळात सात वेळा राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले व १९९७ मध्ये ते भारताचे तिसरे ग्रँडमास्टर झाले. मुंबईच्या अनुपमा अभ्यंकर (नंतर गोखले) यांनी १९८५ मध्ये ॲडलेड येथे सोळा वर्षांखालील मुलींचे जागतिक विजेतेपद पटकाविले. प्रशिक्षक रघुनंदन गोखले यांना १९८६ चा द्रोणाचार्य पुरस्कार देण्यात आला.

या पिढीनंतर शहरात प्रशिक्षणवर्ग वाढले, पुस्तके पडद्यावर मिळू लागली आणि दादरच्या विद्यार्थ्याला न्यूयॉर्कच्या विद्यार्थ्याइतकीच सामग्री उपलब्ध झाली. अंत्यपर्वाच्या धोरणाचे मराठीतून मूळ विवेचन करणारा सर्वांगीण ग्रंथ मात्र अजून विरळाच आहे. प्यादेमात, बुर्जी आणि ओळीप्रमाणे होणारी बढती यांच्या हिशेबांची जी थोडी आठवण वृद्ध खेळाडूंजवळ उरली असेल, ती टिपून घेण्याचे कामही त्याच ग्रंथाच्या कक्षेत येईल.